पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्क लिनक्सवर उघडत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे करून बघा

गेल्या दिवाळीत मावसभाऊ एक टेराबाइटची पोर्टेबल डिस्क घेऊन घरी आला. फराळाच्या ताटाशेजारी ती ठेवत म्हणाला, "दादा, आईचे सगळे फोटो यात आहेत. लॅपटॉपवर उबुंटू टाकल्यापासून ही उघडतच नाही. फॉरमॅट मारू का?" मावशीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी हातातली करंजी खाली ठेवली आणि आधी डिस्क माझ्याकडे घेतली.

डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. ती कुठल्या तरी विंडोजच्या कॉम्प्युटरमधून न विचारता उपटून काढली होती. त्यामुळे तिच्यावर 'काम अर्धवट राहिलं आहे' अशी खूण राहून गेली होती, आणि ती खूण बघून लिनक्सनं डिस्क उघडायला नकार दिला होता. पाऊण तासात सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून झाले.

'ड्राइव्ह उघडत नाही' हा एकच बिघाड नसतो. ड्राइव्ह खोचल्यापासून फोल्डर दिसेपर्यंत मध्ये चार-पाच टप्पे असतात. आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उपकरण जाणवतं. मग ते डिस्क म्हणून उभं राहतं, मग त्यावरची पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) वाचली जातात, मग फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) ओळखली जाते आणि सगळ्यात शेवटी ती माउंट होते, म्हणजे एखाद्या फोल्डरात उघडते. गाडी नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली आहे हे कळेपर्यंत ड्राइव्हवर एक अक्षरही लिहायचं नाही. दुरुस्तीसुद्धा नाही.

आज्ञांबद्दल एक सूचना. त्या इथं देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एलएसबीएलके' म्हणजे एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरं सलग. 'सुडो' (आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालवणारा शब्द), 'माउंट' असे शब्द त्यांच्या नेहमीच्या स्पेलिंगनं लिहायचे, अंक इंग्रजी, आणि तिरकी रेघ, डॅश, बरोबरचं चिन्ह जसंच्या तसं. उदाहरणांत ड्राइव्हचं नाव 'एसडीबी' आणि तिच्या पहिल्या पार्टिशनचं 'एसडीबी१' धरलं आहे. तुमच्याकडे ते 'एसडीए' किंवा 'एसडीसी' असू शकतं. नाव चुकलं तर तुमच्या लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर हात पडेल, म्हणून दर वेळी आकार बघून खात्री करा.

आधी कर्नलला विचारा

ड्राइव्ह काढून ठेवा. टर्मिनल उघडून ही आज्ञा द्या:

सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू

कर्नलची रोजनिशी पडद्यावर वाहायला लागेल. ती थांबली की दोन-तीन वेळा एंटर दाबून मोकळी जागा करा आणि मग ड्राइव्ह खोचा. मोकळ्या जागेनंतर जे उमटेल, तेवढंच आपल्या कामाचं. मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक आजारी ड्राइव्हची तपासणी इथूनच सुरू करतो, आणि निम्म्या वेळा उत्तर इथंच मिळतं.

धडधाकट पेनड्राइव्ह असेल तर क्रम असा दिसतो: नवीन यूएसबी उपकरण सापडलं, ते बनवणाऱ्याचं नाव, मग '[एसडीबी]' असं लिहून ब्लॉकची संख्या आणि आकार, मग 'एसडीबी: एसडीबी१' अशी पार्टिशनची ओळ, आणि शेवटी डिस्क जोडली गेल्याची नोंद. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हला तिथं ३०.८ जीबी किंवा २८.६ जीआयबी असं काही दिसलं तर घाबरू नका. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, शिवाय थोडी जागा चिप स्वतःसाठी राखून ठेवते.

खोचल्यावर एकही ओळ उमटली नाही, तर फाइल सिस्टीमचा विचारसुद्धा करू नका. भानगड केबल, पोर्ट किंवा ड्राइव्हच्या आतल्या सर्किटची आहे. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. केबल बदला, पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा.

ओळी उमटताहेत पण त्यांत 'एरर -७१' किंवा 'एरर -११०' येत असेल, तरीही रोख केबल आणि विजेकडेच आहे. पहिल्याचा अर्थ संभाषण बिघडलं, दुसऱ्याचा अर्थ उत्तराची वाट बघून वेळ संपली. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० चं ९००. फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल डिस्कला सुरू होताना जास्त ओढ लागते. ती टिक करते, फिरायला लागते, पुन्हा टिक करते. अशी डिस्क कानाशी धरून ऐका. ठरावीक लयीत टिक-टिक येत असेल तर स्वतःची वीज असलेल्या यूएसबी हबमधून लावून बघा. हबवरही आवाज तसाच राहिला तर डिस्क लगेच बंद करा. आता तिला चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट डेटाच्या जिवावर येतं.

डिस्क जोडली जाते, पण मोठी फाइल कॉपी करताना गोठते आणि नोंदीत 'यूएएस' आणि 'रीसेट' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, असंही होतं. यूएएस ही यूएसबी ३ च्या डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत. काही डिस्क-डब्यांतल्या (डिस्कच्या बाहेरच्या कवचातल्या) चिपला ती नीट जमत नाही. उपाय म्हणजे त्या एका डब्यापुरती जुनी पद्धत लावायची. 'एलएसयूएसबी' आज्ञेत त्या उपकरणापुढे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात. 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'मॉडप्रोब.डी' मध्ये 'कॉन्फ' या शेपटाची एक नवी फाइल करून त्यात ही ओळ लिहा:

ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=पहिला:दुसरा:यू

डेबियन-उबुंटूवर मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. वेग थोडा उतरेल, पण कॉपी पूर्ण होईल.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. व्हर्च्युअल मशीन चालू असेल तर तीच ड्राइव्ह आपल्याकडे ओढून घेते आणि बाहेरच्या लिनक्सला ती दिसतच नाही.

डिस्क दिसते, पण आत काय आहे?

आता ही आज्ञा:

एलएसबीएलके -एफ

कुठली डिस्क, तिची कुठली पार्टिशन, कशावर कुठली फाइल सिस्टीम आणि ती कुठं माउंट झाली आहे, असं सगळं झाडासारखं दिसतं. कित्येकदा कळतं की ड्राइव्ह मुळात माउंट झालेलीच आहे, फक्त फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ती आलेली नाही. डेबियन-उबुंटूवर ती '/मीडिया' खाली तुमच्या नावाच्या फोल्डरात असते, फेडोरा आणि आर्चवर '/रन/मीडिया' खाली.

साध्या 'एलएसबीएलके' मध्ये आकार शून्य दिसत असेल तर कार्ड रीडरमध्ये कार्ड नीट बसलेलं नाही, किंवा पेनड्राइव्हची चिप मेली आहे. दुसऱ्या प्रकाराला घरगुती औषध नाही.

फाइल सिस्टीमच्या रकान्यात काय लिहिलं आहे, त्यावर पुढचा रस्ता ठरतो. तिथं 'बिटलॉकर' असेल तर ड्राइव्ह विंडोजमध्ये कुलूपबंद केली आहे. पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. 'क्रिप्टसेटअप' २.३ पासून पुढच्या आवृत्त्यांना हे कुलूप उघडता येतं आणि बहुतेक डेस्कटॉपवर ड्राइव्हवर क्लिक केलं की पासवर्डची खिडकी येते. 'आयएसओ९६६०' असेल तर त्या पेनड्राइव्हवर कधीतरी लिनक्स इन्स्टॉल करायची प्रतिमा लिहिली होती. त्यावर नव्या फाइली टाकता येणार नाहीत. असा पेनड्राइव्ह मात्र खुशाल नव्यानं फॉरमॅट करा.

रकाना रिकामा असेल तर लगेच 'डेटा गेला' असं समजू नका. 'सुडो बीएलकेआयडी' चालवून पुन्हा बघा. डिस्क मूळ डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घातली आहे का, हेही आठवा. काही डबे डिस्कचे सेक्टर ५१२ बाइटचे सांगतात, काही ४०९६ चे. पार्टिशनचा तक्ता एका हिशोबानं लिहिलेला असतो आणि वाचला जातो दुसऱ्या हिशोबानं, त्यामुळे सगळं रिकामं दिसतं. जुन्या डब्यात परत घातली की सगळं जागेवर असतं.

हातानं माउंट करा, खरी चूक वाचा

फाइल मॅनेजरची खिडकी अर्धवट वाक्य दाखवते. टर्मिनल पूर्ण सांगतं:

यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१

याला 'सुडो' लागत नाही आणि माउंट व्हायची जागा तीच निवडते. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' अशी लांबलचक चूक आली तर ती वाचून गोंधळू नका. पाच-सहा शक्यता एकाच दमात बोलून दाखवणारं ते ठरीव वाक्य आहे. खरं कारण त्याच क्षणी कर्नलच्या रोजनिशीत उमटलेलं असतं. 'सुडो डीएमईएसजी' पुन्हा चालवा आणि शेवटच्या चार ओळी बघा.

एनटीएफएस: सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार

आपल्याकडे पोर्टेबल डिस्क सहसा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमचीच असते, कारण ती फिरते विंडोजवाल्यांमध्ये. लग्नाचा व्हिडिओ देणारा फोटोग्राफर, ऑफिस, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे. रोजनिशीत 'व्हॉल्यूम इज डर्टी' असं दिसलं, तर मावसभावाच्या डिस्कचंच दुखणं आहे. २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएससाठी 'एनटीएफएस३' हा नवा ड्रायव्हर मिळाला. तो जुन्या 'एनटीएफएस-३जी' पेक्षा वेगवान आहे, पण डर्टी खूण दिसली की लिहिण्यासाठी माउंट करायला साफ नकार देतो. त्यामुळे कालपर्यंत उघडणारी डिस्क नव्या उबुंटूवर उघडेनाशी होते आणि माणसाला वाटतं, डिस्क गेली.

पहिली पायरी, फक्त वाचण्यासाठी माउंट करा:

सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

उघडली? मग आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. त्या दिवशी आम्ही हेच केलं. 'एमएनटी' मध्ये गेलो, 'आई गणपती २०१९' नावाचं फोल्डर दिसलं, आणि भावानं पुढचा शब्द न बोलता स्वतःची नवी डिस्क काढून दिली.

कॉपी झाल्यावर दुसरी पायरी. विंडोजचा कॉम्प्युटर मिळत असेल तर त्यावर डिस्क लावून 'चेकडिस्क' ची दुरुस्ती चालवा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. एनटीएफएसची खरी तपासणी करणारं हत्यार हेच आहे. विंडोज मिळतच नसेल तर डिस्क अनमाउंट करून:

सुडो एनटीएफएसफिक्स -डी /डेव्ह/एसडीबी१

ही आज्ञा काही ठळक विसंगती दुरुस्त करून डर्टी खूण पुसते. आतली फाइल सिस्टीम ती पूर्ण तपासत नाही. म्हणूनच कॉपी आधी आणि ही आज्ञा नंतर.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक कारण असतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शट डाउन केलं तरी विंडोज अर्धं झोपलेलं राहतं आणि डिस्कचा ताबा सोडत नाही. लिनक्सकडे यायचं तेव्हा विंडोजमध्ये 'रीस्टार्ट' निवडा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. त्याहून चांगलं म्हणजे पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं काढून टाका. जबरदस्तीनं माउंट करायचे पर्याय इंटरनेटवर सापडतात. झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर ते वापरलेत तर दोन्हीकडचा हिशोब विस्कटतो.

एक्सफॅट आणि फॅट३२

३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये येतात. लिनक्स कर्नलमध्ये आजचा एक्सफॅट ड्रायव्हर ५.७ आवृत्तीत, २०२० मध्ये आला. 'अननोन फाइलसिस्टीम टाइप एक्सफॅट' असं दिसलं तर बहुधा सिस्टीम त्याहून जुनी आहे. तिथं 'एक्सफॅट-फ्यूज' पॅकेज टाका. नव्या सिस्टीमवर दुरुस्तीसाठी 'एक्सफॅटप्रॉग्स' लागतं.

नवीकोरी सिस्टीम असूनही साधा फॅटसुद्धा 'अननोन' म्हणून येतो, तो आर्च आणि मांजारोवर. कर्नल अपडेट झालेला असतो आणि तुम्ही रीस्टार्ट केलेलं नसतं. चालू कर्नलचे मॉड्यूल (त्याला लागणारे ड्रायव्हर) डिस्कवरून गेलेले असतात. रीस्टार्ट करा, बस.

फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, जागा कितीही रिकामी असली तरी. पिक्चरची फाइल ९० टक्क्यांवर अडकते ती यामुळे.

फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही

एसडी कार्ड असेल तर आधी ॲडॅप्टरच्या कडेची बारीक खिट्टी बघा. ती 'लॉक' कडे सरकली की रोजनिशीत 'राइट प्रोटेक्ट इज ऑन' येतं. पेनड्राइव्हला खिट्टी नसूनही हेच वाक्य आलं तर बहुधा आतली फ्लॅश थकली आहे आणि चिपनं स्वतःच लिहिणं बंद केलं आहे. वाचता येतं तोवर सगळं काढून घ्या आणि तो पेनड्राइव्ह निवृत्त करा.

माउंट होताना लिहिता येत होतं आणि मध्येच बंद झालं, तर कर्नलला फाइल सिस्टीममध्ये विसंगती सापडली आहे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून त्यानं हात आखडता घेतला आहे. अशा वेळी 'रीमाउंट, आरडब्ल्यू' करून त्याला लिहायला लावू नका. अनमाउंट करा. फॅटसाठी आधी नुसतं बघा:

सुडो एफएससीके.व्हीफॅट -एन /डेव्ह/एसडीबी१

'-एन' मुळे काहीही बदललं जात नाही, फक्त यादी मिळते. यादी पटली की '-एन' च्या जागी '-ए' लावून दुरुस्ती. एक्सफॅटसाठी 'एफएससीके.एक्सफॅट', लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमसाठी 'ई२एफएससीके -एफ'. माउंट असलेल्या ड्राइव्हवर यातलं काहीही चालवायचं नाही.

पण रोजनिशीत 'आय/ओ एरर' किंवा 'मीडियम एरर' असेल तर हे सगळं विसरा. फाइल सिस्टीमची नाही, पृष्ठभागाचीच मोडतोड आहे. दुरुस्तीची आज्ञा अशा डिस्कवर हजारो ठिकाणी वाचते-लिहिते आणि तिला संपवते. आधी डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढायची:

सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी प्रतिमा.आयएमजी प्रतिमा.मॅप

डेबियन-उबुंटूवर पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे, आज्ञा मात्र 'डीडीरेस्क्यू'. प्रतिमा ठेवायला आजारी डिस्कच्या पूर्ण आकाराइतकी जागा हवी. सोपे भाग आधी वाचून होतात, अवघड भाग मागे राहतात, आणि मॅप फाइलमुळे मध्येच थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. त्यानंतरची सगळी दुरुस्ती त्या प्रतिमेच्या प्रतीवर करायची. डिस्कवरचं काम अनमोल असेल आणि आवाज बिघडलेला असेल, तर हेही घरी करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

उघडते, पण परवानगी नाही

फॅट, एक्सफॅट यांच्यात लिनक्ससारखे मालक नसतात. 'सुडो माउंट' नं लावलेली ड्राइव्ह रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावावर जाते आणि तुम्हाला लिहिता येत नाही. तिथं मालक बदलणाऱ्या 'सीएचओडब्ल्यूएन' या आज्ञेचा उपयोग होत नाही. माउंट करतानाच मालक सांगावा लागतो:

सुडो माउंट -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१००० /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

तुमचा क्रमांक 'आयडी' आज्ञेत कळेल. ईएक्सटी४ ची ड्राइव्ह मात्र मालक स्वतःसोबत घेऊन फिरते, तिथं 'सीएचओडब्ल्यूएन' च योग्य.

फाइल मॅनेजरला ड्राइव्ह दिसते पण एखाद्या ॲपला दिसत नाही, हे स्नॅप ॲपचं (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजमधून आलेल्या ॲपचं) लक्षण. त्या ॲपला बाहेरच्या ड्राइव्हचा परवाना द्या: 'सुडो स्नॅप कनेक्ट', मग ॲपचं नाव, विसर्गासारखं चिन्ह आणि 'रिमूव्हेबल-मीडिया'.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांच्या दोन खास अडचणी आहेत. हातानं माउंट केलेल्या फॅट ड्राइव्हवर 'लग्नाचे फोटो' ऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर '-ओ' च्या यादीत 'यूटीएफ८' जोडा. फाइली शाबूत असतात, फक्त नावं वाचायची पद्धत चुकलेली असते. दुसरी अडचण कॉपी करताना येते: 'फाइल नेम टू लाँग'. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर मर्यादा बाइटांत नसल्यामुळे तिथं लांबलचक नाव आरामात बसलेलं असतं. नाव छोटं करा, कॉपी होईल.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर लिनक्सच कामाला येतं. व्हायरसनं बहुतेक वेळा खऱ्या फाइली लपवलेल्या किंवा बिननावाच्या फोल्डरात हलवलेल्या असतात आणि लिनक्सच्या फाइल मॅनेजरला त्या दिसतात. त्या उतरवून घ्या. 'एलएनके' शेपटाच्या फाइली घेऊ नका.

कायमची लावायची असेल तर

काही जण पोर्टेबल डिस्कची ओळ 'एफएसटॅब' मध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, लिहितात. मग एक दिवस डिस्क न लावता कॉम्प्युटर सुरू होतो, दीड मिनिट वाट बघतो आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातो. त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' लिहा, आणि ड्राइव्ह 'एसडीबी१' अशा नावानं न देता यूयूआयडीनं ('एलएसबीएलके -एफ' मध्ये दिसणाऱ्या कायमच्या ओळख क्रमांकानं) द्या, कारण नाव खोचण्याच्या क्रमानुसार बदलतं. फाइल सेव्ह केल्यावर 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. चूक असेल तर ती रीस्टार्टच्या आधीच कळते.

काढताना

लिनक्स कॉपी करताना आधी रॅममध्ये भरतं आणि मग सावकाश ड्राइव्हवर लिहितं. पट्टी १०० टक्के झाली तरी मंद पेनड्राइव्हवर शेवटचा जीबीभर मजकूर अजून वाटेतच असू शकतो. तेव्हा उपटलं की पुढच्या वेळी वरचा सगळा उद्योग करावा लागतो. टर्मिनलमध्ये 'सिंक' लिहून एंटर मारा. प्रॉम्प्ट परत आला की लिहून झालं.

'टार्गेट इज बिझी' आलं तर कुणीतरी ड्राइव्हवर बसलेलं आहे. बरेचदा तो तुमचाच दुसरा टर्मिनल असतो, त्या फोल्डरात उभा. 'सुडो एफयूएसईआर -व्हीएम' आणि पुढे माउंटची जागा दिली की नाव कळतं. ते बंद करा, आणि मग या दोन ओळी:

यूडिस्क्ससीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१
यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

(नुसती 'यूमाउंट' आज्ञा वापरत असाल तर तिच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही. पहिल्यांदा सगळेच तिथं अडतात.) दुसऱ्या ओळीनंतर डिस्कचा दिवा विझतो आणि हातावर ठेवली तर तबकडीची थरथर हळूहळू थांबताना जाणवते. ती पूर्ण थांबली की केबल काढा.